पाय धुऊन आत यावे

त्या किनाऱ्यावर काहीच टिकत नसे. दिवसातून दोनदा समुद्र वर चढे आणि वाळूवर जे असेल ते पुसून नेई. त्याच्याशी भांडण्यात अर्थ नव्हता, आणि तिथल्या खेकड्यांनी ते केव्हाच सोडून दिलं होतं. जे करायचं ते ओहोटीच्या पाच-सहा तासांत करावं आणि पाणी आलं की निमूट बिळात जाऊन दार लावून घ्यावं, असा तिथला शिरस्ता होता.

हे खेकडे अगदी चिमुकले. वाळू तोंडात घ्यायची, तिच्यातलं खाण्याजोगं काढून घ्यायचं आणि उरलेल्या वाळूची ज्वारीच्या दाण्याएवढी गोळी करून बाजूला ठेवायची, हा त्यांचा दिवसभराचा उद्योग. पण नुसतं पोट भरून गप्प बसणारी ही जात नव्हती. गोळ्या टाकायच्याच आहेत तर रांगेत टाकू, रांगा लावायच्याच आहेत तर त्या वळवून पाहू, असं करता करता प्रत्येक बिळाभोवती नक्षी उमटू लागली. एका घराण्याचं चक्र, दुसऱ्याची वेल, तिसऱ्याचं समुद्रफूल. नक्षी पाहून घर ओळखावं. भरतीने ती पुसली की दुसऱ्या ओहोटीला पुन्हा तीच, तितक्याच हौसेने. पुसली म्हणून कुणी रडल्याचं कुणाला आठवत नव्हतं.

मात्र कधी काळी कुणाला तरी रडू आलं असलं पाहिजे. कारण उत्तरेच्या टोकाला, भरतीचं पाणी पोचत नाही अशा एका कपारीत, त्या नक्ष्या राखून ठेवल्या होत्या. जुन्या खेकड्यांनी कपारीच्या तोंडाशी तांबडी माती पसरली, ती ओली असताना तिच्यावर आपापली नक्षी काढली, गोळ्या दाबून खळ्या उमटवल्या आणि उन्हात वाळवून त्या पाट्या आत रचून ठेवल्या. तीनशे चाळीस पाट्या होत्या. त्या कपारीला सगळे दप्तर म्हणत आणि ती सांभाळणाऱ्याला दप्तरदार.

दप्तरदार नेहमी शंखातला खेकडा असे. हेही शिरस्त्यातलंच. शंखातल्या खेकड्याला नक्षी काढता येत नाही. तो वाळूच्या गोळ्या करत नाही आणि बीळही खणत नाही. तो राहतो तोच मुळी दुसऱ्याने सोडलेल्या शंखात. परक्याच्या वस्तूत जन्म काढणारा परक्याची वस्तू नीट जपेल, आणि ज्याला स्वतःला काही काढायचं नाही तो दुसऱ्याच्या नक्षीत ढवळाढवळ करणार नाही, असा त्यामागचा विचार. विचार चांगलाच होता. फक्त त्यात एक खोट होती, आणि ती सात दप्तरदार होईपर्यंत कुणाच्या ध्यानात आली नाही.

सातवा दप्तरदार कामाला वाघ होता. दारात एक उथळ खळगा होता, त्यात स्वच्छ पाणी तो स्वतः भरून ठेवी. कुणी आलं की एका दमात म्हणे, "पाय धुऊन आत यावे, नांग्या पोटाशी धराव्यात, पाटीला पाय लावू नये." येणारा पाय धुई, दगडावर बसे. मग दप्तरदार आतून पाटी आणून समोर टेकवून ठेवी आणि तो पाहत असेपर्यंत स्वतः बाजूला उभा राही. एका ओहोटीला एकच पाटी. दुसरी मागितली तर म्हणे, "उद्या या." त्याच्या अंगावरचा शंख आता त्याला फार घट्ट होत होता. शंखातल्या खेकड्याला वेळच्या वेळी मोठा शंख शोधावा लागतो. पण मोठा शंख घेतला असता तर पाट्यांच्या रांगांमधल्या बोळातून त्याला जाता आलं नसतं. म्हणून चार वर्षं तो तसाच अंग आवळून राहत होता. तक्रार नव्हती. उलट त्याचा त्याला थोडा अभिमानच वाटे.

आणि त्याची डागडुजी. पाट्यांवर खळ्यांच्या मधून मधून बारीक बारीक भोकं होती. मातीला कीड लागते, तिची ती भोकं, असं सहाव्या दप्तरदाराने त्याला सांगितलं होतं, सहाव्याला पाचव्याने. भोक दिसलं की खाडीतला करडा गाळ आणायचा, भोक बुजवायचं, वरून गुळगुळीत शिंपलीने घोटायचं आणि शेवटी तांबड्या मातीची भुकटी चोळायची. सातव्याचा हात इतका बसला होता, की भोक कुठे होतं हे दुसऱ्या दिवशी त्याला स्वतःलाही सापडत नसे. एवढ्या वर्षांत त्याने एकही भोक शिल्लक ठेवलं नव्हतं. मागल्या सहा जणांच्या हातून राहिलेलंही त्याने पुरं केलं होतं.

असं सुरळीत चाललं असताना किनाऱ्यावर शिंपले आले.

चपटे, पातळ, आरशासारखे चकचकीत. त्यांची गंमत अशी, की एका शिंपल्याला काही दाखवलं की ते सगळ्या शिंपल्यांत दिसे आणि दिसतच राही. ते आणले चिंबोरेरावांनी. चिंबोरेराव खाडीच्या मुखाशी राहणारे, अंगाने भले थोरले, आणि किनाऱ्याचा कारभार त्यांच्याकडे. ते दप्तरात आले (पाय त्यांनीही धुतले, हे सांगायला हवं), आणि त्यांनी तीनशे चाळीस पाट्या एकेक करून शिंपल्याला दाखवल्या. मग घरटी एक शिंपला वाटला.

दक्षिण टोकाच्या खेकड्यांना एका ओहोटीत दप्तरापर्यंत येऊन परत जाणं कधीच जमलेलं नव्हतं. त्यांच्या कित्येक पिढ्यांनी एकही पाटी पाहिली नव्हती. शिंपला पहिल्यांदा उघडला तेव्हा तिथल्या म्हाताऱ्या खेकड्यांचे डोळे भरून आले, असं ऐकून दप्तरदारालाही बरं वाटलं. शिंपल्यांचं त्याने मनात धरलं नाही असं नाही. पण बरं वाटलं हेही खोटं नव्हतं.

मग दाराशी येणं कमी झालं. आधी रोज पाच-सात जण येत, ते दोन झाले, मग आठवड्याला एक. खळग्यातलं पाणी दप्तरदार रोज बदलत राहिला. ज्याच्या घरात तीनशे चाळीस नक्ष्या बसल्या बसल्या दिसतात तो इतकी पायपीट करून, वर पाय धुऊन, एक पाटी बघायला कशाला येईल? आणि गंमत म्हणजे किनाऱ्यावर नक्ष्यांना कधी नव्हता एवढा बहर आला होता. पूर्वी जो तो आपल्या घराण्याची नक्षी काढी, फार तर दप्तरातून एखादं वळण उचली. आता आज चक्र, उद्या वेल, परवा तिसऱ्याच घराण्याचं काहीतरी. ओहोटीला खडकावर चढून पाहिलं तर डोळे निवत. दप्तरदार चढून पाही आणि खाली उतरे.

श्रावणाच्या तोंडाशी चिंबोरेराव पुन्हा आले. या वेळी खळग्याकडे त्यांनी पाहिलं नाही.

"शिंपले खाऱ्या हवेने मंद होतात," ते म्हणाले. "त्यांना पुसायला, ठेवायला कोरडी जागा लागते. किनाऱ्यावर कोरडी जागा ही एकच."

"आणि पाट्या?"

"त्या शिंपल्यात आहेतच की. अमावास्येच्या उधाणाला माझी माणसं येतील आणि खाली उतरवतील. तुम्ही फार केलंत, दप्तरदार. आता जरा सैल शंख बघा आणि आराम करा."

ते वाईट मनाने बोलले नव्हते, आणि त्याचाच दप्तरदाराला जास्त त्रास झाला. भांडायला तोंडच राहिलं नाही. पाट्या खाली उतरवायच्या म्हणजे पाण्यात. अमावास्येला नऊ दिवस होते. त्याने शिंपली उचलली आणि ज्या पाट्यांना काहीही झालं नव्हतं त्या पुन्हा घोटायला घेतल्या.

चौथ्या दिवशी मालन आली.

मालन तरुण पोरांमध्ये सगळ्यात चांगला हात असलेली. त्या महिन्यात तिने दक्षिणेच्या घराण्याचं समुद्रफूल शिंपल्यात पाहून काढलं होतं, आणि ते असं उतरलं होतं, की शेजारपाजारचे आपलं काम सोडून बघायला जमले. तेवढ्यात वर कुरव पक्ष्याची सावली पडली. सगळे आपापल्या बिळात पळाले. मालन वळली, पण पाय टाकावा तिथे गोळी. गोळीवरून पाय सटके, सावरावा तर दुसरी गोळी. तिचं बीळ वीतभर अंतरावर होतं आणि तिला तिथे पोचता येईना. कुरवाने तिला उचललंच होतं. दोन पाय त्याच्या चोचीत राहिले म्हणून ती सुटली. त्या महिन्यातली ती पाचवी. आधीच्या दोघांचे तर पायही मागे उरले नाहीत. कुरव फार माजलेत, असं काही जण म्हणत. हल्लीची पोरं मंद झालीत, असं बाकीचे म्हणत.

सहा पायांवर तिरपी तिरपी चालत मालन दारात आली आणि पाय न धुताच म्हणाली, "तुमच्या नक्ष्या खोट्या आहेत."

"शिंपल्यातल्या असतील," दप्तरदार म्हणाला. खोटं कशाला सांगा, त्याला मनातून आनंद झाला. शिंपल्यात चूक आहे हे सिद्ध झालं तर पाट्या वाचतील. त्याने तिला पाय धुवायला लावले, दगडावर बसवलं आणि समुद्रफुलाची पाटी तिच्यासमोर धरली. मालनने आपला शिंपला शेजारी ठेवला. दोघांनी खळी खळी ताडून पाहिली. काडीचाही फरक नव्हता.

"म्हणजे दोन्ही खोट्या," मालन म्हणाली.

"बाई, सात पिढ्या या पाटीला धक्का लागलेला नाही."

"तर मग माझे पाय कसे गेले? आमच्या वेलीत मी कधी अडखळले नाही."

दप्तरदाराने पाटी उलटून मागूनही पाहिली. मग ती उचलून आत नेली.

दुसऱ्या दिवशी मालन पुन्हा आली, ती आपल्या आत्याला घेऊन. ठकुआत्याने तिला लहानाचं मोठं केलं होतं. आत्याला आता दिसत नव्हतं. मालनच्या पाठीवर नांगी ठेवून ती हळूहळू आली. दप्तरदाराने आपलं वाक्य सुरू केलं, तशी म्हातारी म्हणाली, "माहीत आहे रे. पाय धुते. पण नांग्या पोटाशी धरून मला काय दिसणार? डोळे गेलेत माझे. ती पाटी खाली ठेव आणि मला तिच्यावर चालू दे."

"आत्या, तसं चालत नाही. पाटीला पाय..."

"मी चाललेली आहे. तुझ्या आधीचा दप्तरदार शंख बदलायला बाहेर पडला होता ना, तेव्हा आजीने मला आत शिरवलं होतं. त्याला शंख पसंत पडेपर्यंत आमच्या चार पाट्या चालून झाल्या."

इतर वेळी त्याने तिला दारातून परत पाठवलं असतं. पण अमावास्या चार दिवसांवर होती, त्यानंतर पाट्या पाण्यातच जाणार होत्या, आणि म्हातारीचा स्वर असा होता, की नाही म्हणायला जीभ उचलेना. त्याने पाटी जमिनीवर आडवी ठेवली. दप्तरदाराच्या हातून हे सात पिढ्यांत प्रथमच होत होतं.

ठकुआत्या पाटीवर चढली. एक पाय टाकला, दुसरा टाकला, थांबली. परत मागे आली. पुन्हा तोच पाय टाकला. तिच्या तोंडावरून दप्तरदाराला कळलं, की तिला काहीतरी सापडत नाहीये.

"इथं पायाला जागा होती," ती म्हणाली. "कुणी बुजवली?"

"कीड होती ती. किडीची भोकं," दप्तरदार म्हणाला.

"कीड कसली? ओल्या मातीवर नक्षी काढली तर काढणाऱ्याचे पाय रुतायचे नाहीत? तेच ते. कुठं पाय टाकत बाहेर गेला आणि कुठं टाकत घरी आला. प्रत्येक नक्षीत घरी यायची वाट असते, गोळ्यांच्या मधून. वर सावली पडली की डोळे नकोत, काही नको. पाय आपोआप बिळात येतात." ती मालनकडे वळली. "तुला आपली वेल शिकवली तेव्हा तुझे पाय धरून टाकायला नव्हते का लावले?"

"लावले होते," मालन म्हणाली. "पण ही वाट आहे असं कधी म्हणाली नाहीस."

"पायाला कळतं ते तोंडाने काय सांगायचं? मला वाटलं, सगळ्यांना ठाऊक असतं."

दप्तरदार एकदम खाली बसला. सगळा हिशेब त्याच्या डोक्यात आपसूक जुळत होता आणि तो जुळू नये असं त्याला वाटत होतं. जोवर जो तो आपल्या घराण्याची नक्षी काढत होता, तोवर आजी-आत्यांनी पाय धरून शिकवलेली वाट पुरत होती. शिंपल्यांनी सगळ्यांना सगळ्यांच्या नक्ष्या दिल्या. आणि शिंपल्यांनी तेच दाखवलं जे त्यांना दाखवण्यात आलं. भोकं बुजवलेल्या, घोटलेल्या, वरून भुकटी चोळलेल्या पाट्या. शिंपल्यांनी काही केलं नव्हतं. कुरवांनीही नाही. मालनचे दोन पाय आणि ती दोन पोरं त्याच्या गुळगुळीत शिंपलीखाली गेली होती.

"मीच केलं हे," तो म्हणाला.

ठकुआत्याने त्याला धीर दिला नाही आणि बोलही लावला नाही. ती पाटीवर पुन्हा पाय टाकून पाहत होती. "तुझा गाळ आतून मऊ आहे," ती म्हणाली. "पाटी टणक लागते, आणि मध्ये एखादी जागा भुसभुशीत लागते. डोळ्यांना दिसायचं नाही. पायाला कळतंय." तिने एका जागी पाय रुतवून जरा फिरवला. करड्या गाळाची एक गुळी निघून बाजूला पडली. खाली भोक होतं.

दप्तरदाराने त्या भोकाकडे पाहिलं. मग मागच्या अंधाऱ्या बोळाकडे, जिथे तीनशे एकोणचाळीस पाट्या उभ्या होत्या.

त्याला दोनच गोष्टी करता येत होत्या. पाट्या जशा होत्या तशाच, अखंड आणि देखण्या, चार दिवसांनी पाण्यात जाऊ द्यायच्या. नाहीतर त्या जमिनीवर पसरायच्या आणि जे त्याने जन्मभर होऊ दिलं नव्हतं ते होऊ द्यायचं. पायांखाली पाट्या झिजणार होत्या, काही फुटणार होत्या. भोकं किती सापडतील याचा भरवसा नव्हता. ठकुआत्या एकटी होती आणि म्हातारी होती. चार दिवसांत तिच्याने दहा पाट्याही झाल्या नसत्या. किनाराच बोलवावा लागणार होता.

त्याने पहिली पाटी उचलून दारात आणली, मग दुसरी. घट्ट शंख बोळाच्या भिंतींना घासत होता. मालन जाऊन खेकड्यांना सांगून आली. कुणी उत्सुकतेने आले, कुणी कुरवांच्या धास्तीने आले, बरेचसे तर दप्तरदार पाटीला पाय लावू देतोय ही मौज बघायला आले. सवयीने सगळे खळग्यापाशी थांबले.

"पाय धुऊ नका," दप्तरदार म्हणाला. त्याचं त्यालाच ते ऐकताना कसंतरी झालं. "वाळूचे पाय असू देत. खरखरीत पायांनी गाळ लवकर निघेल. तसेच या."

मग तीन दिवस ओहोटीमागून ओहोटी खेकडे पाट्यांवर चालत होते. ठकुआत्या मध्ये बसून सांगे, जोर देऊ नका, पाय शोधतो तिकडे जाऊ द्या. ज्या घराण्यात कुणी जुनं माणूस होतं त्या घराण्याच्या पाट्या भराभर मोकळ्या झाल्या. ज्यांच्यात कुणी उरलं नव्हतं त्यांच्या पाटीवर दुसरे जाऊन अंदाजाने पाय टाकून पाहत. करड्या गुळ्यांचे ढीग साचले. समुद्रफुलाची वाट मालनने स्वतः शोधली, सहा पायांनी, एक अख्खा दिवस घालवून. ती वाट पाटीवरच्या बिळाच्या जागेपर्यंत पोचली तेव्हा तिने मान वर केली नाही. पाटीवरच बसून राहिली आणि मग फार रडली. दप्तरदार तिच्याजवळ जाऊन उभा राहिला.

दुसऱ्या दिवशी चक्राची पाटी फुटली. सगळ्यात जुनी, पहिल्या दप्तरदाराच्याही आधीची. एकदम दहा-बारा जण चढले आणि कट्ट असा आवाज झाला. सगळे जागच्या जागी थिजले. कुणीतरी पाय उचलला तो टेकवायचंही विसरलं. दप्तरदार पुढे आला. दोन तुकडे होते आणि मध्ये चुरा. ही पाटी तो रोज सकाळी सगळ्यांत आधी पुसत असे.

"किती भोकं मोकळी झाली होती?" त्याने विचारलं.

"नऊ," कुणीतरी घाबरत म्हणालं. "तीन-चार राहिली असतील."

त्याने दोन्ही तुकडे एकमेकांना नीट लावून धरले आणि खाली बसला. "मी धरतो," तो म्हणाला. "चाला. थांबू नका."

अमावास्येला चिंबोरेराव आपली माणसं घेऊन आले. कपारीच्या दारात पाय ठेवायला जागा नव्हती. पाट्या आडव्यातिडव्या पसरलेल्या, त्यांच्यावर खेकडे, सगळीकडे वाळू आणि गाळ. दप्तराची ही दशा पाहून त्यांना धक्काच बसला. इतकी नासाडी करण्याचा त्यांचाही बेत नव्हता.

मालनने त्यांना सगळं सांगितलं. चिंबोरेराव कारभारी होते, पण अडाणी नव्हते. त्यांनी ऐकून घेतलं, एक मोकळी झालेली पाटी पाहिली आणि म्हणाले, "सोपं आहे. शिंपल्याला पुन्हा दाखवू." दाखवली. सगळ्या शिंपल्यांत भोकं उमटली, काळे काळे ठिपके. दक्षिणेहून आलेल्या एका खेकड्याने आपल्या शिंपल्यातल्या ठिपक्यांकडे पाहिलं आणि विचारलं, "ठीक आहे. पण यातला पहिला पाय कोणता?"

चिंबोरेरावांनी शिंपला उलटसुलट करून पाहिला. मग त्यांनी आपल्या माणसांना खाली बसायला सांगितलं आणि स्वतः चक्राच्या फुटक्या पाटीवर एक पाय टेकवून पाहिला. पाय मोठा होता. भोकात गेला नाही. त्यांनी नांगी टाकली.

पुढे जे झालं ते सगळ्यांच्या मनासारखं झालं नाही. कपारीचा मागचा अर्धा भाग शिंपल्यांना गेला. पुढच्या अर्ध्यात तीनशे चाळीस पाट्या मावेनात. ज्यांच्यात एकही भोक सापडलं नाही अशा साठेक पाट्या उधाणाला खाली उतरल्या, आणि त्या उतरताना दप्तरदार पाठ फिरवून उभा राहिला. उरलेल्या जमिनीवर मांडल्या गेल्या. खेकडे आता नक्षी शिंपल्यात निवडून ठेवत आणि पाय टाकायला दप्तरात येत. दक्षिणेचे सुद्धा, ते एक भरती कपारीत काढून दुसऱ्या ओहोटीला परत जात. पाट्या झिजत होत्या हे दप्तरदाराला रोज दिसे. पाटी अगदीच झिजली तर तिच्यावर सगळ्यात जास्त चाललेल्या खेकड्याला बोलावून शेजारी नवी करून घेत. बोळ आता राहिला नव्हता, म्हणून दप्तरदाराने एक मोठा शंख पाहिला. जुन्यातून नव्यात जाताना शंखातला खेकडा क्षणभर पार उघडा असतो. तेवढा वेळ मालन वर कुरव पाहत उभी राहिली.

दारातल्या खळग्याचा काही उपयोग उरला नव्हता. पाय कुणी धूत नव्हतं, आणि येणारे जाणारे उगाच त्यात अडखळत. गाळाच्या गुळ्यांचा ढीग अजून कोपऱ्यात पडून होता. एके सकाळी दप्तरदाराने तो सगळा करडा गाळ खळग्यात ओतला, वर थोडं पाणी शिंपडलं आणि कामाला लागला.

दुपारी ऊन दारापर्यंत आलं तेव्हा त्याचं लक्ष गेलं. गाळ वाळून घट्ट होत आला होता, आणि त्यावर पायांची भोकंच भोकं उठली होती. कुणी सरळ आत आलं होतं, कुणी कडेने. सहा पायांची एक तिरपी ओळ आत आली होती आणि तशीच बाहेर गेली होती. ते सगळं फार ओबडधोबड दिसत होतं. दप्तरदाराने सवयीने गुळगुळीत शिंपली उचलली आणि घोटायला वाकला.

तेवढ्यात ठकुआत्या आली. आज एकटीच आली होती. दाराशी पोचल्यावर तिने भिंत चाचपायला नांगी पुढे केली. मग तिचा एक पाय गाळावर टेकला, थोडा सरकला आणि एका भोकात बसला. दुसरा पाय दुसऱ्या भोकात बसला. तिने भिंतीकडे गेलेली नांगी मागे घेतली आणि काही न विचारता, कुठे न थांबता पावलापावलाने आत येऊ लागली.

दप्तरदाराने शिंपली तिच्या वाटेतून बाजूला घेतली.